राहीचं सोमवारचं पत्र

माझ्या आणि राही साळवीच्या घरांमध्ये एक गडगा आहे. कमरेएवढा, जांभ्या दगडांचा, वरून शेवाळलेला. त्या गडग्यावरून तेरा वर्षं दर सोमवारी सकाळी एक निळं आंतरदेशीय पत्र माझ्या हातात यायचं. मी पोस्टात नोकरीला होते. राहीचं म्हणणं, पेटीत टाकलेलं पत्र आणि उल्काताईंच्या हातात दिलेलं पत्र यात फरक आहे. मी तिला शंभरदा सांगितलं की बाई, सरकारला सगळी पत्रं सारखीच. पण मनातून मला बरं वाटायचं. सोमवारचा माझा पहिला शिक्का राहीच्या पत्रावर पडायचा, मग बाकीच्या गावाचा.

पत्ता मला अजून पाठ आहे. शांतवन साळवी, मग एका पाड्याचं नाव, तालुका धडगाव, जिल्हा नंदुरबार. शांतवन म्हणजे राहीचा नवरा. रत्नागिरीतली जी थोडी जुनी ख्रिस्ती घरं आहेत त्यांतलं हे एक. तो आधी इथेच एका शाळेत शिकवायचा. दोन हजार सहा साली त्याला तिकडून बोलावणं आलं, म्हणजे त्यांच्या मिशनकडून, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्याही वरून. सातपुड्यात पाड्यापाड्यांवर फिरायचं, औषधं द्यायची, मुलांना अक्षरओळख करून द्यायची, संध्याकाळी गाणी आणि प्रार्थना. त्याची लेक कृपा तेव्हा दोन वर्षांची होती. त्याची आई काशीबाई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. राही मिरकरवाड्याला एका बर्फाच्या कारखान्यात कारकून. कुठली लाँच किती लाद्या घेऊन गेली ते लिहायची आणि खलाशांशी हुज्जत घालायची. सासू, पोर आणि नोकरी, तिघांना घेऊन सातपुड्यात जाता येत नाही. म्हणून तो गेला आणि ती राहिली.

आमच्याकडे हे नवं नाही. कोकणातल्या अर्ध्या बायकांचे नवरे जन्मभर मुंबईत असतात आणि गणपतीला येऊन आंब्याचं झाड किती वाढलं ते बघून जातात. पण चाकरमान्याच्या बायकोला निदान चारचौघांत नवऱ्याला शिव्या घालता येतात. राहीला ती सोय नव्हती. देवाच्या कामाला गेलेल्या माणसाला काय म्हणणार? कुणी चौकशी केली की ती म्हणायची, “मजेत आहेत, काम वाढलंय.” एवढंच.

जाण्याआधी दोघांनी ठरवलेलं होतं. पाड्यावर रेंज नव्हती. महिन्यातून एकदा तो तालुक्याला उतरायचा आणि एका किराणा दुकानातून फोन करायचा. दुकानात माणसं, पाठीमागे रांग. म्हणून फोनवर फक्त खुशाली बोलायची आणि खरं काय ते पत्रात लिहायचं. राही दर रविवारी उपासनेहून आली की जेवण आटोपून पत्राला बसायची. कृपा मोठी झाली तशी खाली एक ओळ तिच्यासाठी राखलेली असायची.

त्याचं उत्तर महिन्याला एक. पोस्टकार्ड. चार ओळी खुशालीच्या आणि शेवटी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, एका वचनाचा क्रमांक. वचन लिहायचा नाही, नुसता क्रमांक. ते घरी उघडून शोधायचं. मला पहिल्यांदा वाटलं, कार्डावर जागा नसेल. पण राहीला त्यातच गोडी. कार्ड आलं की ती हात धुऊन, चष्मा पुसून, शास्त्र उघडून बसायची आणि आपण लिहिलेल्या गोष्टीवर त्याने काय सांगितलंय ते त्या वचनात शोधायची. आणि तिला सापडायचं.

एकदा कृपाचे टॉन्सिल फार सुजले. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. राहीने पत्रात विचारलं. उत्तरात जे वचन आलं त्यात वेल छाटण्याविषयी काहीतरी होतं. राही गडग्याशी आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. “बघितलंत? काढा म्हणतायत.” मी म्हटलं, “अगो, सरळ ‘काढा’ लिहायला काय झालं होतं त्याला? शाई कमी लागली असती.” ती हसली. “तुम्हाला नाय कळायचं उल्काताई.” टॉन्सिल काढले, पोरगी बरी झाली, आणि माझं तोंड बंद झालं.

खटकायचं मला अधूनमधून. तो मे महिन्यात पंधरा दिवस यायचा. एका मे महिन्यात अंगणात उभा राहून म्हणाला, “विठूदादा दिसत नाहीत कुठे?” विठू आमच्या गल्लीतला माळी. शांतवनशी त्याची दोस्ती, दोघे तासन्‌तास कलमांवर बोलत बसायचे. विठू जानेवारीतच गेला होता. राहीने ते पत्रात लिहिलेलं, मला वाचूनही दाखवलेलं. ती गडबडीने म्हणाली, “ते पत्र गहाळ झालं असेल.” मला असा राग आला. माझ्या हाताने शिक्का मारलेलं पत्र गहाळ होतं म्हणजे काय! मी दोन दिवस राहीशी बोलले नाही. पोस्टावर आळ घेतला म्हणून रागावले मी, आणि नवऱ्यावर संशय घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. एवढी मी हुशार.

त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याचं एक छापील पत्रकही यायचं, त्याच्या कामाची हकीकत सांगणारं. पाळक ते उपासनेत वाचून दाखवायचे. त्यात एक वाक्य हटकून असायचं, की माझी पत्नी राही हिच्या पत्रांनी मला तिथे बळ मिळतं. राही ते पत्रक जपून ठेवायची. मलाही दाखवायची. मला तर वाटायचं, त्या बळात माझ्या शिक्क्याचाही वाटा आहे.

दोन हजार तेराच्या एप्रिलमध्ये काशीबाई गेल्या. शांतवन दुसऱ्या दिवशी पोचला, चार दिवस राहिला. घर माणसांनी भरलेलं. दोघांना एकमेकांशी धड चार शब्द बोलायला मिळाले नाहीत, आणि तो परत गेला. मग जून आला. घर रिकामं झालं. कृपा चौथी पास झाली होती. एका सोमवारी राहीने पत्र दिलं ते दोन्ही हातांनी. “कधी पोचेल?”

“आठ दिवस धर. पावसात दहा. का गो?”

“विचारलंय त्यांना. आता आई नाहीत. मी नोकरी सोडते, आम्ही दोघी तिकडे येतो. चालेल का म्हणून.”

पत्र पर्समध्ये ठेवलं. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. शेजार रिकामा होणार म्हणून. त्या दिवशी शिक्का मारताना मी नेहमीपेक्षा नीट मारला, तारीख सगळी उठली पाहिजे असा.

राहीने वाट बघताना बांधाबांध सुरू केली. मोठा कुकर नको, लहान न्यायचा. कृपाने आपली सायकल पुसून माझ्या पडवीत आणून लावली, म्हणाली, “उल्कामावशी, तुझ्याकडे राहू दे.” फोन आला तेव्हा मी तिथेच होते. राहीने विचारलं, “पत्र मिळालं ना माझं?” तिकडून उत्तर आलं, “मिळालं. सगळी मिळतात. कार्ड टाकलंय.” मग खुशाली, मग रांगेतला कुणीतरी खाकरला, मग फोन बंद. यातला एक शब्द खोटा नव्हता. आज विचार करते तेव्हा त्याचंच जास्त वाईट वाटतं.

कार्ड जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. पाड्यावर पाऊस चांगला आहे, तब्येत ठीक, कृपाला आशीर्वाद, आणि क्रमांक. राहीने शास्त्र उघडलं. वचन होतं धीर धरण्याचं. वाट पाहा, खचू नकोस, वाट पाहा, असं त्यात दोनदा होतं.

ती गडग्याशी आली. “थांब म्हणतायत.”

“कुठे म्हणतोय? दोन आकडे तर लिहिलेत.”

“थांब म्हणतायत, उल्काताई. दोनदा म्हणतायत.”

“मग परत लिही. विचार त्याला, का थांबू, कधीपर्यंत थांबू.”

“त्यांनी प्रार्थना करून उत्तर दिलंय. आता परत विचारणं म्हणजे हट्ट झाला.” एवढं बोलून ती गेली आणि कुकर परत वर ठेवला. कृपा सायकल न्यायला आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंही नाही. नऊ वर्षांची पोर ती. तिला एवढंच कळलं की बाबांनी नको म्हटलं.

त्यानंतर कृपा बापाला पत्रात ओळ लिहीनाशी झाली. मे महिन्यात तो आला की ती मामाकडे राजापूरला जायची. राही प्रत्येक वेळी तिला समजवायची, “बाबांनी नको म्हटलं नाय. थांबायला सांगितलंय. त्यात फरक आहे.” मुलगी वळून विचारायची, “किती?” तरी राही थांबली. पुढच्या मे महिन्यात त्याच्याकडे विषयही काढला नाही. मी टोकलं तर म्हणाली, ठरलेल्या गोष्टीवर पाहुण्यासारख्या आलेल्या माणसाशी कशाला वाद घालू. त्या कार्डाने तिला थांबायला सांगितलं होतं, आणि ती थांबून होती. कुणी कीव केली की ताठ मानेने सांगायची, “आमचं दोघांचं ठरलंय.” हे वाक्य तिच्या सगळ्या संसाराखाली टेकू लावल्यासारखं होतं.

एकोणीस साली पाड्यावर टॉवर आला आणि पत्रं थांबली. बावीस साली मी निवृत्त झाले. कृपा मिरजेला नर्सिंगला गेली. आणि गेल्या वर्षी शांतवन साठीचा होऊन कायमचा घरी आला. सोबत एक पत्र्याची पेटी. “कागदपत्रं आहेत,” म्हणाला आणि पलंगाखाली सरकवली. राही सहा महिने त्या पेटीवरची धूळ पुसत होती. किल्ली नव्हती, नुसती कडी होती. पण नवऱ्याचे कागद उघडायची तिची पद्धत नाही.

यंदा फेब्रुवारीत त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये एक शिबिर झालं. बाहेरगावी मिशनच्या कामाला जाणारी सात-आठ जोडपी आली होती, सगळी विशी-पंचविशीतली. विषय होता कुटुंबापासून दूर कसं राहायचं. बोलणार शांतवन. राही मला म्हणाली, “या तुम्ही. तुमचाही त्यात हात आहे.” चहा-केकची व्यवस्था तिच्याकडे होती. मी बरी साडी नेसून गेले. मला वाटलं, पत्रांचा विषय निघेल, कदाचित माझंही नाव येईल. माणसाला कशाकशाची हौस असते.

शांतवन चांगलं बोलतो. सावकाश, शिकवल्यासारखं. म्हणाला, “पहिल्या वर्षी मी फार वाईट अवस्थेत होतो. सोमवारी निघालेलं पत्र मला पुढच्या बुधवारी मिळायचं, आणि बुधवारपासून शनिवारपर्यंत मी कामाचा नसायचो. मुलगी गाणी म्हणायला लागली, मुलगी बालवाडीत जायला लागली, आणि मी इथे. एका बुधवारी असाच पत्र घेऊन रडत बसलो होतो. वरच्या पाड्यावरून निरोप आला होता, दीड वर्षाच्या मुलीला जुलाब होतायत, औषध घेऊन या. मी म्हटलं, सकाळी जातो. सकाळी गेलो तेव्हा मुलगी गेली होती.”

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, राहीलाही नाही.

“त्या दिवशी मी ठरवलं,” तो म्हणाला, “हात नांगराला लावलाय, आता मागे बघायचं नाही. त्यानंतर घरून आलेलं एकही पत्र मी उघडलं नाही. पेटीत ठेवत गेलो. रोज सकाळी पेटीवर हात ठेवून प्रार्थना करायचो, की प्रभू, यात जे काही असेल ते तू बघ. महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरवर त्या दिवसाचं जे वचन असेल ते घरी पाठवायचो. बारा वर्षं मी असा तगलो. तुम्हाला कठीण वाटेल. पण हे जमतं.”

मुलं वहीत लिहून घेत होती. खरोखर लिहून घेत होती. एका मुलीने मात्र पेन खाली ठेवून विचारलं, “आणि सर, पत्रात काही महत्त्वाचं असलं तर?”

“महत्त्वाचं असेल ते देव कळवतोच,” शांतवन हसून म्हणाला. “आणि माझी पत्नी खंबीर आहे. ती बघा, तिथेच आहे.”

सगळ्यांनी वळून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. राही दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. टाळ्या थांबल्यावर ती आत आली आणि एकेकाला चहा दिला. शेवटी नवऱ्यापुढे कप ठेवला, बशीत बिस्किटं ठेवली. मग ट्रे भिंतीला लावून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “उल्काताई, घरी चला.”

रिक्षात रागाने माझे कान तापले होते. त्या माणसाचं दुःख खरं होतं, मला ते नाकारायचं नाही. एक लेकरू हातचं गेलं म्हणून त्याने स्वतःला शिक्षा केली असेल. पण शिक्षा भोगली कुणी? आणि वर त्याचा पाठ करून पोरांना शिकवायचा!

घरी येऊन राहीने पलंगाखालून पेटी ओढली आणि कडी काढली. आत निळे गठ्ठे. जाळी विणायच्या सुतळीने बांधलेले, वर चिठ्ठीवर वर्ष. फार नीटनेटकं. मी एक गठ्ठा हातात घेतला. माझा शिक्का, माझा शिक्का, माझा शिक्का. पहिल्या वर्षाचा गठ्ठा सोडला तर सगळ्या पत्रांच्या कडा चिकटवलेल्या, जशा तिने चिकटवल्या तशा. एवढ्या रविवारी ती बाई पत्राला बसली आणि मी एवढी वर्षं ते बंद कागद मिरवत नेले.

“तेरा साल काढा,” राही म्हणाली. “जून. तुमची तारीख नीट उठलीय का बघा.”

उठली होती.

शांतवन दुपारी जेवून आला. मी उठायला लागले तर राही म्हणाली, “तुम्ही बसा. शिक्का तुमचा आहे.” तिने टेबलावर नवऱ्यापुढे ते पत्र ठेवलं. “बसा. हे वाचा. मोठ्याने.”

त्याने पेटी उघडी बघितली. “राही, मी तुला सांगणारच होतो. निवृत्त झाल्यावर एकेक वाचीन म्हटलं होतं. पण घरी आलो आणि धीर झाला नाही.”

“आता वाचा.”

त्याने बोटाने कड सोडवली. कागद अकरा वर्षांनी उघडला तरी शाई तशीच होती. तो वाचू लागला. “प्रिय कृपाचे बाबा यांना, प्रभूमध्ये सलाम. आई गेल्यापासून घर मोठं वाटतं. तुम्ही इथे असताना विचारायचं होतं, पण माणसांत जमलं नाही, म्हणून लिहिते. आता मला इथे अडकवणारं काही नाही. कारखान्यात सांगून ठेवलंय. आम्ही दोघी तिकडे येतो. मी औषधांच्या कामात मदत करीन, कृपा तिथल्या शाळेत जाईल. मंगळवारी पुण्याची गाडी धरली की पुढे नाशिक, मग शहादा, गुरुवारी सकाळी पोचतो. तिथून तुम्ही न्यायला या. मला पाणी लांबून आणायचं वगैरे काही वाटत नाही. सात वर्षं झाली, आता एकत्र राहू. तुम्ही ‘ये’ म्हणा, आम्ही निघतो.”

खाली वेगळं अक्षर होतं, मोठं, ओळीबाहेर जाणारं. तो थांबला.

“तेही वाचा,” राही म्हणाली.

“बाबा, मी सायकल उल्कामावशीकडे ठेवणार आहे. मला सायकल नको. मला यायचंय. कृपा.”

त्याचे डोळे भरून आले. त्याने पत्र खाली ठेवलं, राहीकडे बघितलं आणि अगदी मनापासून, न कळून विचारलं, “मग तुम्ही आला का नाहीत?”

राहीने शास्त्रात जपून ठेवलेलं पोस्टकार्ड काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. त्याने स्वतःचं अक्षर वाचलं. तारीख बघितली. एक जुलै. क्रमांक बघितला. त्याला तो पाठच असणार, ओठ हलले.

“हे तर कॅलेंडरवरचं,” तो म्हणाला.

“मला वाटलं, तुम्ही मला सांगताय.”

बाहेर मासेवाली ओरडत गेली. मग तो म्हणाला, “राही, मी वाचलं असतं तर ‘ये’ म्हटलं असतं. त्याच दिवशी म्हटलं असतं. मला तिथे दुसरं काय हवं होतं?”

मला वाटतं, हे तो बोलला नसता तर बरं झालं असतं. नको म्हटलं असतं असं म्हणाला असता तर राहीने ते सोसलं असतं, अकरा वर्षं सोसतच होती. राहीने कार्ड उचललं, पत्र उचललं, दोन्ही एकत्र घडी करून ठेवली. “माफ कर,” तो म्हणाला. ती म्हणाली, “ते नंतर बघू. मला आधी कृपाकडे जायचंय.”

मंगळवारी सकाळी मी तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. मिरजेची गाडी लागलेली होती. एक बॅग, आणि वर तो लहान कुकर. मी विचारलं, “पोरीला सांगणारेस? तिला आणखी त्रास होईल.”

“तिला वाटतंय, तिची ओळ बापाने वाचली आणि नको म्हटलं,” राही म्हणाली. “मीच तिला तसं वाटू दिलं. मला वाटलं होतं, एका माणसाने मला थांबायला सांगितलंय. मला कुणीच काय सांगितलं नव्हतं, उल्काताई. मी आपली आपणच थांबले होते.” मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, “माझं जाऊ दे. तिची ओळ आहे, तिची तिला परत देते. पुढे तिला काय वाटायचं ते वाटू दे.”

याला तीन महिने झाले. राही मिरजेतच आहे, एका मेसमध्ये स्वयंपाक बघते, लेकीबरोबर राहते. फोनवर माझ्याशी बोलते. परत यायचं ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. शांतवन इकडे एकटा. रोज सकाळी पडवीत बसून गठ्ठ्यातली थोडी पत्रं सोडवतो आणि वाचतो. कागद सुटल्याचा आवाज गडग्यापलीकडे ऐकू येतो. कधी उठून गडग्याशी येतो, हातात निळं पत्र. “उल्काताई, राहीचा हात भाजला होता का हो आठ साली? फार भाजला होता?”

“पत्रात असेल,” मी सांगते.

गेल्या सोमवारी तो एक पाकीट घेऊन आला. वर मिरजेचा पत्ता. मी पोस्टातून सुटले हे त्याला माहीत आहे, तरी म्हणाला, “तुमच्या हातून गेलं तर बरं वाटेल.” मी हात पुढे केला नाही. पेटी नाक्यावर आहे, म्हटलं, लाल आहे, तिच्यात टाका. तो पाकीट घेऊन नाक्याकडे गेला.

राहीला मी फोनवर सांगितलं की पत्र येतंय. ती म्हणाली, “येऊ दे. उघडीन. मला बंद ठेवता नाय येत.”

“आणि उत्तर?”

“त्यांना काय विचारायचं असेल ते आधी विचारू देत,” राही म्हणाली, आणि कृपा जेवायला आली म्हणून तिने फोन ठेवला.